कमी पडलेलं यकृत कोणाचं?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात एका पत्नीने पतीला आपल्या यकृताचा भाग दिला आणि आठवडाभरात दोघंही गेली. त्यानंतर जो वाद पेटला तो आपल्याकडच्या वादांच्या ठरलेल्या वाटेनेच गेला. एक बाजू म्हणाली, इस्पितळांनी दुकानं थाटली आहेत, घर गहाण टाकायला लावतात आणि वर माणूसही परत देत नाहीत. दुसऱ्या बाजूला डॉक्टर बरेच होते. त्यांचं म्हणणं, धोका समजावला होता, सही घेतली होती, मरणाच्या दारातल्या माणसावर शस्त्रक्रिया केली तर दरवेळी यश कसं येईल? त्या प्रकरणाचा निवाडा मला इथे करायचा नाही, ते चौकशीचं काम. माझी तक्रार वादाबद्दल आहे. पैसा आणि सही या दोन खुंट्यांभोवती तो इतका गरगरत राहिला, की मधला प्रश्न तसाच पडून राहिला. दात्याच्या यकृताचा किती भाग कापायचा, कोणत्या बाजूचा कापायचा, आणि हे कोण, कशाच्या आधारावर ठरवतं? बाजारात पावशेर मिरच्या घेतानाही आपण काट्याकडे बघतो. इथे घरातल्या माणसाचं पाऊण किलो काळीज कापून नेताना काटा कोणी बघत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. रुग्णाला मिळालेला यकृताचा तुकडा ‘लहान पडण्याची’ भीती खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय म्हणून दात्याकडून सरसकट मोठा, म्हणजे उजवा, भाग घेण्याची जी सवय लागली आहे, ती तपासली तर टिकत नाही. दात्याकडून घ्यायचा तो रुग्णाला पुरेल असा लहानात लहान भाग. डाव्या बाजूचा भाग पुरणार नाही, हे दाखवून देण्याची जबाबदारी शल्यचिकित्सकाची. आणि लहान तुकडा निभावून नेण्याची विद्या ज्या केंद्राकडे नाही, त्याने ती उणीव दात्याच्या पोटातून भरून काढू नये, रुग्ण दुसऱ्या केंद्राकडे पाठवावा.

हे नीट मांडायचं तर आधी तुकडा लहान पडतो म्हणजे नेमकं काय होतं ते पाहायला हवं. यकृताला रक्त दोन वाटांनी येतं. एक धमनी. दुसरी, आतडी आणि प्लीहा (पाणथरी) यांच्याकडून येणारी पोर्टल शीर. यकृतात येणाऱ्या रक्तापैकी साधारण तीन चतुर्थांश या दुसऱ्या वाटेने येतं. सिऱ्होसिस झालेल्या माणसाचं यकृत कडक झालेलं असतं, त्यामुळे ही शीर तुंबते, प्लीहा फुगते, आणि मागून येणारा प्रवाहही वर्षानुवर्षं वाढत गेलेला असतो. ते रोगट यकृत काढून त्या जागी निरोगी पण लहान तुकडा बसवला की हा सगळा लोंढा त्याच्यावर येऊन आदळतो. शेतात रात्री दारं धरलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. वाफा लहान आणि पाट भरून सुटलेला असला, की बांध फुटतो, माती वाहून जाते आणि पीक पाण्यापायीच जातं. तसंच इथे यकृताच्या सूक्ष्म वाहिन्यांची आतली अस्तरं उखडतात. शिवाय पोर्टल शिरेतून रक्त जास्त आलं की यकृताची धमनी आपोआप आकसते. निरोगी शरीरात हा हिशेब बरोबर असतो, इथे तोच घात करतो, कारण पित्तनलिका धमनीच्या रक्तावरच जगतात आणि त्या उपाशी राहतात. मग कावीळ उतरत नाही, पोटात पाणी साचत राहतं, रक्त गोठेनासं होतं, माणूस भ्रमात जातो, आणि अशा दुबळ्या शरीराला शेवटी जंतुसंसर्ग गाठतो. वैद्यकात याला ‘स्मॉल फॉर साइझ सिंड्रोम’ म्हणतात. नावात ‘साइझ’ आहे, आणि सगळा घोटाळा त्या नावातच आहे असं मला वाटतं. पाट कितीने सुटलाय याचा त्या नावात पत्ताच नाही.

मोठा तुकडा घेण्याची रीत कुठून आली? जिवंत दात्याकडून यकृत घेण्याची सुरुवात लहान मुलांपासून झाली. १९८८ च्या डिसेंबरात ब्राझीलमध्ये साओ पाउलोत पहिला प्रयत्न झाला, तो फसला. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला तो साधला. त्याच वर्षी शिकागोत डॉ. ब्रोल्श यांच्या चमूने सुरुवात केली, तीही या उद्योगाचा नैतिक हिशेब वैद्यकीय नियतकालिकात आधी छापून, चर्चेला ठेवून. (तरीही तिथल्या पहिल्याच आईची प्लीहा शस्त्रक्रियेत दुखावली आणि काढावी लागली. आधी विचार केला म्हणजे चूक होत नाही असं नाही.) बाळाला आईच्या यकृताच्या डाव्या टोकाचा छोटा तुकडा पुरतो. आपल्याकडे १९९८ मध्ये दिल्लीत यशस्वी झालेलं पहिलं यकृत प्रत्यारोपणही बाप आणि लहानग्या मुलाचंच. मोठ्या माणसांना मात्र तो तुकडा पुरेना. १९९३ मध्ये जपानच्या मात्सुमोतोतल्या शिन्शू विद्यापीठात प्रौढ रुग्णाला पूर्ण डावा भाग देऊन पाहिला, आणि तो जगला. पण पुढे लहान पडलेल्या तुकड्यांचे अनुभव साचत गेले. १९९६ मध्ये हाँगकाँगमध्ये डॉ. फान शेउंग-तात आणि सहकाऱ्यांनी प्रौढासाठी उजवा भाग घेतला. तेव्हापासून वाट उजवीकडे वळली, ती वळलीच. यकृताचा उजवा भाग साधारण साठ-पासष्ट टक्के असतो. म्हणजे दात्याकडे उरतो तो एक तृतीयांशाच्या थोडा वर.

आणि मग तो प्रसिद्ध आकडा आला, ०.८. तुकड्याचं वजन रुग्णाच्या वजनाच्या किमान ०.८ टक्के असावं. १९९९ मध्ये क्योटोच्या शल्यचिकित्सकांनी आपल्या रुग्णांचा हिशेब मांडला, तेव्हा या रेषेखालचे तुकडे जास्त प्रमाणात निकामी होताना दिसले. आज कोणत्याही प्रत्यारोपण केंद्राच्या चर्चेत हा आकडा पंचांगातल्या मुहूर्तासारखा येतो. नातेवाईकही तो शिकतात. ‘बसतंय का?’ ‘हो, ०.८२ आहे.’ सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

या आकड्याच्या बाजूने जे म्हणता येतं ते हलकं नाही. एक तर तो टेबलावर बसून काढलेला नाही, मेलेल्या माणसांच्या नोंदींतून आलेला आहे. दुसरं, लहान तुकडा निकामी झाला तर दात्याने सोसलेलं सगळं वाया जातं. पोट कापून घेऊन, महिने घरी बसून शेवटी ज्याच्यासाठी केलं तो माणूस राहिला नाही, यापेक्षा दात्याचं मोठं नुकसान कोणतं? तिसरं, आणि मला सर्वांत वजनदार वाटतं ते, तुकडा फसला तर आपल्याकडे दुसरा आधार नाही. पाश्चात्त्य देशांत जिवंत दात्याचा तुकडा चालेना झाला तर मेंदूमृत दात्याचं पूर्ण यकृत तातडीने मिळण्याची थोडीतरी शक्यता असते. भारतात मेंदूमृत दात्यांचं प्रमाण दहा लाख लोकसंख्येमागे एकही नाही. वर्षाला चार हजारांच्या वर यकृत प्रत्यारोपणं होतात, त्यातली बहुतेक जिवंत दात्यांच्या जिवावर. अशा देशात शल्यचिकित्सकाने ‘थोडं जास्त घेतलेलं बरं’ म्हटलं तर त्याला कसायी म्हणणं अन्यायाचं होईल. तो दोन माणसांच्या मध्ये उभा आहे, आणि त्यातला एक त्याच्यासमोर मरतोय.

तरीही मी त्या आकड्यावर थांबायला तयार नाही. का, ते घरगुती हिशेबाने सांगतो. समजा, मुलगा सत्तर किलोचा. निरोगी यकृत शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आतबाहेर असतं, तेव्हा त्याचं धरू तेराशे पन्नास ग्रॅम. डावा भाग सुमारे चारशे सत्तर, उजवा आठशे ऐंशी. आई आजारी आहे, पोटातलं पाणी वजा करून तिचं वजन पंचावन्न किलो. डावा भाग दिला तर प्रमाण ०.८५. म्हणजे त्याच पवित्र आकड्याच्या कसोटीवरही डावा भाग उतरतो. उजवा दिला तर १.६, गरजेच्या दुप्पट. इथे उजवा भाग घेण्याचं कारण काय? सवय, हातवळण, आणि डाव्या भागाच्या बारीक धमनीला टाके घालण्याची खटपट टाळणं. आता आईच्या जागी सत्तर किलोचे वडील ठेवा. डाव्या भागाचं प्रमाण ०.६७. खरा वाद या घरातला आहे, आणि त्याकडे मी येतोच. आता तिसरं घर. नवरा ऐंशी किलोचा, बायको पन्नास किलोची, तिचं यकृत हजार ग्रॅम. डाव्या भागाने प्रमाण ०.४४, तो विषयच संपला. उजव्याने ०.८१. ‘बसतंय!’ पण सीटी स्कॅनवर काढलेलं वजन आणि प्रत्यक्ष ट्रेमध्ये ठेवलेलं वजन यांत दहा टक्क्यांची तफावत येणं नवलाचं नाही. ती आली की ०.८१ चं ०.७३ झालं. यकृतात चरबी असेल तर त्या वजनातलंही काही काम न करणारं. मधली शीर दात्याकडे ठेवली आणि उजव्या भागाच्या पुढच्या पट्ट्यातलं रक्त बाहेर पडायला वाट राहिली नाही, तर तेवढा पट्टा तुंबून बसलेला. दाता साठीचा असेल तर वाढीचा वेगही मंद. आकडा ०.८१ च राहतो, फक्त त्याचा अर्थ दर माणसागणिक बदलतो.

म्हणजे हा आकडा एकीकडे पुरेसा असलेल्या डाव्या भागाला वाचवत नाही, आणि दुसरीकडे अपुऱ्या उजव्या भागाला ‘पास’ करून टाकतो. मधल्या घरातल्या वडिलांचं काय? १९९९ चा तो हिशेब ज्या काळातला होता, त्या काळात पाट आवरण्याची विद्या बाल्यावस्थेत होती. नंतरच्या वर्षांत ती वाढली. तुकडा जोडल्यावर पोर्टल शिरेतला दाब मोजायचा. तो पाऱ्याच्या पंधरा मिलिमीटरच्या वर असेल तर प्लीहेची धमनी बांधायची, गरज पडली तर प्लीहाच काढायची, किंवा पोर्टल शिरेतलं काही रक्त बाजूने मोठ्या शिरेत वळवून द्यायचं. दारं धरणाऱ्याचंच काम हे, थोडं पाणी शेजारच्या चारीत सोडणं. ज्या क्योटोने जगाला ०.८ दिला, त्याच क्योटोने दाबावर ताबा आल्यावर आपली रेषा आधी ०.७ वर आणि मग ०.६ वर आणली. फुकुओकाच्या क्युशू विद्यापीठाने प्रौढांमध्येही डाव्या भागाला पहिली पसंती देऊन मोठा अनुभव गाठीशी बांधला. २०२३ मध्ये चेन्नईत या एकाच विषयावर देशोदेशींचे तज्ज्ञ बसले, आणि तिथेही तुकड्याच्या वजनाइतकाच पोर्टल प्रवाह, तुकड्याचा दर्जा आणि रुग्णाची अवस्था यांचा विचार झाला. गंमत अशी की ही बैठक आपल्याच देशात झाली, आणि आपल्या वर्तमानपत्री वादात तिचा उल्लेखही नाही.

यावर एक प्रामाणिक हरकत येते. प्लीहा काढणं म्हणजे काही नख कापणं नव्हे. त्यात रक्तस्राव होतो, पोर्टल शिरेत गुठळी होऊ शकते, पुढे आयुष्यभर काही जंतूंचा धोका वाढतो. रक्त जास्त वळवलं तर तुकडा उलट कोरडा पडतो. हे सगळं मान्य. पण हा धोका कोणाच्या अंगावर आहे ते पाहा. तो आजारी माणसाच्या अंगावर आहे, ज्याला या शस्त्रक्रियेतून जगण्याचा लाभ मिळणार आहे. उजवा भाग घेतला की तोच धोका उचलून निरोगी माणसाच्या अंगावर टाकला जातो, ज्याला शरीराच्या पातळीवर मिळायचं काहीच नाही. वैद्यकाच्या नीतीत ही दोन वजनं एका पारड्यात कधीच घालत नाहीत. मग शस्त्रक्रियागृहात ती का घातली जातात?

‘जास्त कापलं म्हणजे जास्त सुरक्षित’ हा शल्यशास्त्रातला जुना मोह आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत हॉलस्टेड यांनी स्तनाच्या कर्करोगासाठी छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठींसकट सगळं काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. पाऊणशे वर्षं तीच उत्तम मानली गेली. कमी कापणाऱ्याला भित्रा म्हणत. १९७० च्या दशकात बर्नार्ड फिशर यांनी रीतसर चाचण्या लावल्या आणि दिसलं, की त्याहून कितीतरी लहान शस्त्रक्रिया केलेल्या बायकाही तेवढ्याच जगतात. मधल्या काळात किती बायकांनी विनाकारण हात वर न होण्याचं आयुष्य काढलं, याची गणती नाही. तिथे निदान जिचं कापलं जात होतं तिच्याच आजारासाठी कापलं जात होतं. आपल्या विषयात ती सबबही नाही.

आणि आता मूळ मुद्दा. एक यकृत कापलं की दोन लहान यकृतं तयार होतात. एक रुग्णाच्या पोटात, दुसरं दात्याच्या. तुकडा लहान पडण्याची चर्चा नव्वद टक्के पहिल्या यकृताबद्दल चालते. लहान पडणं दुसऱ्याही बाजूला होऊ शकतं. दात्याच्या शिरा निरोगी असतात, पाट तुंबलेला नसतो, म्हणून तो तीस-पस्तीस टक्क्यांवर निभावून नेतो, हे खरं. एरवी ही शस्त्रक्रिया शक्यच झाली नसती. पण मे २००३ मध्ये जपानमध्ये क्योटोत, म्हणजे जगातल्या सर्वांत अनुभवी केंद्रांपैकी एका केंद्रात, मुलीला उजवा भाग दिलेली आई गेली. तिच्याकडे उरलेला भाग तीस टक्क्यांहून कमी होता, आणि त्या यकृतात चरबीमुळे आलेला दाह होता. जपानमधला तो पहिला दातामृत्यू. लहान यकृताची सगळी लक्षणं, फक्त दुसऱ्या खाटेवर. जगभरच्या अनुभवावरून दात्याच्या मृत्यूचा ढोबळ अंदाज हजारात दोनच्या आसपास सांगतात, उजव्या भागासाठी जास्त, डाव्यासाठी कमी. सगळे मृत्यू काही यकृत कमी पडल्याने होत नाहीत. २००२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये भावाला उजवा भाग दिलेला माणूस तिसऱ्या दिवशी गेला, तो संसर्गाने आणि शस्त्रक्रियेनंतरच्या ढिसाळ देखरेखीमुळे. मी आकाराला सगळ्या पापांचा धनी करत नाही. पण पित्त गळणं, पुन्हा पोट उघडावं लागणं, लांबलेली कावीळ, या दात्याच्या पीडा उजव्या बाजूला जास्त असतात हे शल्यचिकित्सकच सांगतात.

इथे बहुतेक जण दात्याच्या इच्छेचा हवाला देतात. ‘बायकोनेच हट्ट धरला, आम्ही नको म्हणत होतो.’ दात्याची इच्छा मोठी गोष्ट आहे, आणि तिचा उपमर्द मला करायचा नाही. २०२२ च्या डिसेंबरात केरळ उच्च न्यायालयाने सतरा वर्षांच्या मुलीला वडिलांसाठी यकृताचा भाग द्यायला परवानगी दिली. यकृतातली चरबी उतरवण्यासाठी त्या पोरीने खाणं आवरलं, व्यायाम केला. तिच्यापुढे मान झुकते. पण दाता देतो कशाला होकार? ‘यकृताचा भाग’ द्यायला. तो चारशे सत्तर ग्रॅमचा की आठशे ऐंशीचा, हे त्याच्या होकारात कधी येतं? आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये बायका जास्त आणि अवयव मिळणाऱ्यांमध्ये पुरुष जास्त, हे उघड गुपित आहे. यकृताच्या बाबतीत त्याला शरीराच्या मापाची जोड मिळते. लहान चणीची बाई, मोठ्या चणीचा पुरुष. तिचं लहान यकृत त्याच्या मोठ्या शरीराला पुरवायचं, म्हणजे तिच्याकडून शक्य तेवढं कापायचं. ‘घराण्यासाठी’ हा शब्द ज्या बाईने लग्नापासून ऐकला, तिच्या सहीला आपण स्वायत्त निर्णय म्हणणार असू तर म्हणूया. पण मग निदान ग्रॅमचा हिशेब तरी तिच्यासमोर ठेवायला नको का?

पर्याय नाहीत असंही नाही. २००० साली सेऊलमध्ये डॉ. ली सुंग-ग्यू यांनी एका रुग्णाला दोन दात्यांचे दोन डावे भाग बसवले. एका माणसाचं धोकादायक प्रमाणात कापण्याऐवजी दोघांचं थोडं थोडं. हे ऐकून बरेच जण चमकतात, कारण दोन निरोगी माणसं टेबलावर येतात. मलाही ते सहजासहजी पचत नाही. पण त्यामागचा प्रश्न बरोबर होता, दात्याला किती उरतं हा. आपल्याला त्याहून सोपी वाट आहे. २०११ च्या दुरुस्तीने आपल्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात दोन कुटुंबांमधल्या अदलाबदलीला जागा मिळाली. स्वतःच्या माणसाला देता येत नसेल, कारण जुळत नाही, तर दुसऱ्या कुटुंबाशी दाता बदलायचा. व्यवहारात ही अदलाबदल रक्तगटापुरती वापरली जाते. कायद्यातली अट आहे जैविकदृष्ट्या न जुळण्याची. पन्नास किलोच्या बायकोचं यकृत ऐंशी किलोच्या नवऱ्याला न पुरणं हे जैविक न जुळणं नव्हे तर काय आहे? आपल्याच तिसऱ्या घरातल्या बाईचा डावा भाग एखाद्या चिमुरड्याला नेमका बसेल, आणि त्या मुलाचे धिप्पाड वडील ऐंशी किलोच्या नवऱ्याला पुरतील. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय समन्वय केंद्रं आपल्याकडे आहेत. मेंदूमृत दात्यांच्या याद्या ती सांभाळतातच. अदलाबदलीची एक सामाईक यादी, मापासकट, त्यांनी ठेवायला काय हरकत आहे?

लहान तुकडे प्रत्येक गावात बसवावेत असं मात्र मी म्हणत नाही. इथे विरोधकांचं अर्धं म्हणणं मी त्यांच्याहून जोरात म्हणेन. पोर्टल दाब मोजण्याची रीत नाही, पंधरा दिवस रात्रंदिवस रुग्ण सांभाळणारा अतिदक्षता विभाग नाही, वर्षाला चार-पाच शस्त्रक्रिया होतात, अशा ठिकाणी ०.६५ चा तुकडा बसवणं हा जुगार आहे. पण अशा ठिकाणी उजवा भाग काढणं हा जुगार नाही, असं कोणी सांगितलं? ज्याला लहान तुकडा झेपत नाही, त्याला मोठा काढणंही झेपत नसावं, असा संशय मला येतो. आणि संशयच येतो, खात्री करता येत नाही, कारण कोणत्या केंद्रात किती दात्यांना काय झालं याचे आकडे कुटुंबाच्या हाती येत नाहीत.

झाकाझाकीची किंमत काय असते याचा एक धडा जपानने घेतलेला आहे. १९६८ च्या ऑगस्टमध्ये साप्पोरोत डॉ. वादा यांनी हृदय प्रत्यारोपण केलं. रुग्ण ८३ दिवस जगला. मग प्रश्न उठले, दाता खरोखर मेला होता का, रुग्णाला नव्या हृदयाची खरोखर गरज होती का. खुनाचा तपास झाला, खटला उभा राहिला नाही, उत्तरंही पूर्ण मिळाली नाहीत. लोकांचा विश्वास असा उडाला की मेंदूमृत्यूचा कायदा व्हायला १९९७ उजाडलं. (त्याच १९६८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनीही हृदय प्रत्यारोपण केलं होतं, आणि आपला कायदा झाला १९९४ मध्ये. आपण काही फार वेगळे नव्हतो.) मृतांकडून अवयव मिळेनात, म्हणून जपानी शल्यचिकित्सक जिवंत दात्यांकडे वळले. लहान तुकड्याचं आज जगाला जे ज्ञान आहे त्यातलं बरंचसं या अविश्वासाच्या पोटी जन्मलेलं आहे. २००३ ची ती आई गेली तेव्हा मात्र जपान्यांनी वेगळं वागून दाखवलं. प्रकरण तपासलं आणि जागतिक नियतकालिकात छापलं, उरलेल्या यकृताच्या टक्क्यांसकट. न्यूयॉर्कनेही २००२ नंतर दात्याच्या बाजूने बोलणारा स्वतंत्र गट असावा असा आग्रह धरला, ज्याचा रुग्णाशी संबंध नाही. अमेरिकेत २००१ साली अशा शस्त्रक्रिया पाचशेच्या वर होत्या, दोन वर्षांत त्या साडेतीनशेच्याही खाली आल्या. लोक घाबरले, हे खरं. पण धंदा बुडाला नाही, सावरला.

आपल्या १९९४ च्या कायद्याचं बारावं कलम सांगतं, की दात्याला आणि रुग्णाला संभाव्य परिणाम, गुंतागुंत आणि धोके समजावून सांगितल्याशिवाय डॉक्टरने हात लावू नये. प्रत्यक्षात मंजुरीच्या फायली नात्याच्या पुराव्यांनी फुगतात. लग्नाचा दाखला, रेशन कार्ड, फोटो, पैशाचा व्यवहार नसल्याचं प्रतिज्ञापत्र. अवयवांचा बाजार रोखायला ते हवंच, पण त्या फायलीत एक पान वाढवा, मराठीत. दात्याच्या यकृताचं अंदाजे वजन किती, त्यातलं किती ग्रॅम जाणार, किती टक्के उरणार. डावा भाग घेतला असता तर रुग्णाचं प्रमाण किती आलं असतं, आणि तो का नाकारला, हे शल्यचिकित्सकाने सहीनिशी दोन ओळींत. या केंद्रात गेल्या पाच वर्षांत किती दाते झाले, त्यातल्या किती जणांचं पोट पुन्हा उघडावं लागलं, किती गेले. आणि शस्त्रक्रियेनंतर ट्रेमधल्या तुकड्याचं खरं वजन त्याच पानावर, अंदाजाच्या शेजारी. ते पान पोटावरचे टाके भरण्याआधी दात्याच्या हातात पडलं पाहिजे, आणि त्याची एक प्रत विभागीय केंद्रात.